लेकीसाठी लेक

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मी भेंडी चिरत होतो आणि आमची नऊ वर्षांची लेक ओट्याला टेकून म्हणाली, "बाबा, वर्गातले सगळे बर्फावर मासे पकडून आलेत. आपणच नाही." ‘सगळे’ म्हणजे दोघेजण, हे नंतर कळलं. पण अमेरिकेतल्या मिनेसोटात आठ हिवाळे काढून झाले होते, आणि दर हिवाळ्यात गोठलेल्या तलावांवर उभी राहिलेली ती रंगीबेरंगी खोपटी गाडीतून बघत मी स्वतःशीच ‘पुढच्या वर्षी’ म्हणत आलो होतो. आता नाही म्हणायला तोंड नव्हतं.

"जाऊ. पण कुठल्या लेकवर?"

"कुठल्याही," लेक म्हणाली.

सगळा घोळ त्या ‘कुठल्याही’त होता. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘दहा हजार तलाव’ असं छापलेलं असतं, पण तो राज्याचा विनय. दहा एकर आणि त्याहून मोठे तलाव मोजले तर ते 11,842 भरतात.

मी मूळचा मालवणकडचा, त्यामुळे मासे धरायची जागा कशी निवडतात ते आपल्याला कळतं असा माझा समज होता. आबा खाडीवर गरवायला निघायचे तेव्हा आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायचे. दिवस उधाणाचे की भांगाचे, भरती कधी लागते, वारा कुठला, एवढं झालं की तंगूस, गऱ्या आणि कोळंबीची पुडी घेऊन चालू पडायचे. जागा ठरलेली असायची आणि ती कुणालाही सांगायची नाही हा घरचा कायदा होता. इथे भरती नाही, ओहोटी नाही, वर फूटभर जाडीचं झाकण. तिथी बघून काय करणार?

पहिली यादी मी नावांवर भाळून केली. लेक ऑफ द वूड्स, अप्पर रेड लेक, मिल लॅक्स. तिन्ही वॉलआयसाठी नावाजलेले. वॉलआय हा मिनेसोटाचा राज्य-मासा. त्याचा इथला मान आपल्याकडच्या पापलेटाएवढा. (मान म्हणालो, चव नाही.)

लेक ऑफ द वूड्स सगळ्यात आधी गळला. तो कॅनडाच्या सीमेवर, आमच्या घरापासून गाडीने साडेपाच तास. नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन बर्फाळ रस्त्यावरून साडेपाच जायचे, साडेपाच यायचे, आणि मधे चार तास भोकात बघत बसायचं. हिशोब जमत नव्हता.

अप्पर रेड लेकवर मात्र माझा जीव जडला होता, तो माशांपेक्षा त्याच्या इतिहासामुळे. 1990 च्या दशकात तिथला वॉलआय जवळजवळ संपला. 1999 मध्ये मासेमारी बंद झाली. मग रेड लेक नेशन, म्हणजे तिथले मूळनिवासी ओजिब्वे लोक, आणि राज्य सरकार यांनी मिळून पिल्लं सोडली, पाळत ठेवली आणि 2006 मध्ये तलाव पुन्हा खुला केला. सात वर्षं लोकांनी हात आवरले आणि मासा परतला, हे आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला परीकथेसारखं वाटतं. तलावाचा पश्चिमेकडचा भाग नेशनचा, तिथे बाहेरच्याने जायचं नाही. पूर्वेकडचा भाग सगळ्यांना खुला.

अप्पर रेड उथळ आहे, म्हणून लवकर गोठतो आणि मोसम सुरू झाला की गर्दी तिकडेच धावते. पण 2023 च्या डिसेंबरअखेरीला, त्या विचित्र उबदार हिवाळ्यात, किनाऱ्यापासून बर्फाचा मोठा तुकडा सुटला आणि त्यावरची शंभराहून अधिक माणसं मधे पाणी पडून अडकली. सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. ती बातमी माझ्या बायकोने तेव्हा वाचली होती आणि तिच्या लक्षात होती. अप्पर रेडचं नाव मी काढलं तेव्हा ती काहीच बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी यादीवर काट मारली.

उरला मिल लॅक्स. मिनीआपोलिसच्या उत्तरेला शंभरेक मैलांवर, सव्वा लाख एकरांहून मोठा, आणि एवढा अवाढव्य असून खोली जास्तीत जास्त 42 फूट. काठावरचे रिसॉर्टवाले बर्फावर चक्क रस्ते नांगरतात, भेगा पडल्या की त्यावर पूल टाकतात, आणि रोजचे पैसे घेऊन तुमची गाडी आत सोडतात. शेगडी आणि बंक असलेली खोपटी भाड्याने मिळतात. ऑफिसातला एकजण दर वर्षी जातो, त्याने आग्रहाचं आमंत्रण दिलं होतं.

"गाडी पाण्यावर?" बायको म्हणाली.

"बर्फावर."

"बर्फाखाली काय आहे?"

"..."

"तू जा. जाताना विम्याचे कागद कुठे आहेत तेवढं सांगून जा."

तिचं म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं, हे वाचायला बसल्यावर कळलं. राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं, ज्याला इथे सगळे डीएनआर म्हणतात, बर्फाच्या जाडीचे आकडे देतं: पायी चालायला 4 इंच, स्नोमोबिलला 5 ते 7, छोट्या कारला 9 ते 10, मध्यम आकाराच्या ट्रकला 13. पण हे आकडे नव्या, स्वच्छ, आरपार दिसणाऱ्या बर्फाचे. पांढरा बर्फ असेल तर जाडी दुप्पट हवी. पांढरा बर्फ म्हणजे वर पडलेला भुसभुशीत बर्फ भिजून पुन्हा गोठलेला. त्यात हवा अडकलेली असते आणि ताकद साधारण निम्मी. (इथले लोक स्नो आणि आइस असे दोन शब्द वापरून मोकळे होतात. आपण कोकणात दोन्हीला बर्फच म्हणतो. तिथे बर्फ मासळीच्या पेटीत भेटतो, आभाळातून पडत नाही.) आणि कुठलाच बर्फ शंभर टक्के सुरक्षित नाही, हे त्या आकड्यांसोबत लिहिलेलं असतंच.

मग मी उलटीकडून विचार केला. आपल्याला काय हवं? वॉलआय नको. पोरीच्या गळाला काहीतरी लागावं, हातभर नसलं तरी चालेल. चालत जाता यावं. घरापासून अर्ध्या तासाच्या आत, कारण थंडी सोसेनाशी झाली की तिला लगेच घरी आणता आलं पाहिजे. आणि शौचालय. अनुभवी लोक हा मुद्दा कुठेच लिहीत नाहीत. चार थरांचे कपडे घातलेली नऊ वर्षांची मुलगी उघड्या तलावाच्या मधोमध ‘बाबा, शू’ म्हणते, तेव्हा जगातला सर्वोत्तम मासेमारीचा तलावही कुचकामी ठरतो.

पुढचे आठ दिवस रात्री जेवणं झाली की मी डीएनआरच्या लेकफाइंडरवर. तलावाचं नाव टाकलं की त्याची कुंडली समोर येते: क्षेत्रफळ, खोलीचा नकाशा, जाळी लावून केलेल्या पाहणीत कुठले मासे किती आणि केवढे मिळाले, कुठल्या वर्षी कुठली पिल्लं सोडली. शाळेत भूगोलाच्या तासाला शिकलेल्या समोच्च रेषा आयुष्यात पहिल्यांदा कामी आल्या. रेषा दाटीवाटीने आल्या की उतार, विरळ झाल्या की सपाट बूड. ब्लूगिल आणि क्रॅपी हे तळहाताएवढे मासे मोसमाच्या सुरुवातीला काठाजवळच्या पाणवनस्पतींत असतात. हिवाळा मुरला की क्रॅपी खोल खड्ड्यांवर सरकतात आणि तळाला न टेकता मधेच लटकून राहतात. म्हणजे मला एक चांगला खड्डा हवा होता आणि त्याच्या शेजारी वनस्पती.

असा एक छोटा तलाव सापडलाही, घरापासून वीस मिनिटांवर. मी मनातल्या मनात नारळ फोडला. आणि मग कळलं की तिथे एरेटर चालतो. उथळ तलावावर बर्फाचा जाड थर बसला की पाण्यात उजेड उतरत नाही, वनस्पती प्राणवायू तयार करायच्या थांबतात, त्या कुजतात तेव्हा उरलेलाही खर्च होतो आणि मासे गुदमरून मरतात. ते होऊ नये म्हणून काही तलावांत यंत्राने हवा सोडतात. माशांसाठी उत्तम, पण हवा जिथून वर येते तिथे पाणी उघडं राहतं नाहीतर बर्फ पापुद्र्यासारखा असतो. पाट्या लावलेल्या असतात, हे खरं. पण माझी लेक पाटी वाचायच्या आधी धावते. तोही तलाव गेला.

मिनेटोंका पाहिला. मोठा, देखणा, असंख्य कोपरे असलेला. पण ते कोपरे चिंचोळ्या कालव्यांनी जोडलेले, आणि पुलाखालून पाणी वाहतं तिथे बर्फ दगा देतो. नवख्याने नकाशावर अंतर वाचवायला म्हणून नेमकं तिथूनच जायचं ठरवलं असतं. मीही तीच रेघ मारली होती.

आणखी एक गाळणी लावली ती खाण्याची. राज्याचं आरोग्य खातं तलावागणिक सांगतं की कुठला मासा महिन्यातून किती वेळा खावा, पारा किती, आणि शहराजवळच्या काही तलावांत पीएफओएस नावाचं रसायन आहे का. लहान मुलांसाठी आकडे वेगळे. मोठा, म्हातारा, दुसऱ्यांना खाणारा मासा जास्त पारा साठवतो. छोटे ब्लूगिल त्या मानाने बरे. मासा धरून खायचा नाही हे आमच्या घराण्यात कुणी केलेलं नाही, त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी बर्फाच्या खालोखाल.

शेवटी उरला मेडिसिन लेक. प्लिमथ गावातला, सुमारे 900 एकरांचा, सगळ्यात खोल जागी 49 फूट. आमच्या घरापासून बारा मिनिटं. त्याच्या काठावर फ्रेंच रीजनल पार्क आहे, तिथे गाडी लावायला जागा आहे आणि बाथरूम आहे. आठ दिवस मी राज्यभर हिंडलो आणि सापडला तो तलाव, ज्याच्या कडेने मी उन्हाळ्यात सायकल चालवतो.

नकाशावर आणखी एक गोष्ट दिसली आणि मी जरा थबकलो. आबांची लाडकी जागा म्हणजे व्हाळ (ओढा) खाडीला मिळतो ते तोंड. गोडं पाणी खाणं घेऊन येतं, मासा तिथे वाट बघत असतो. मी लहानपणी त्या तोंडाशी उभा राहूनच गरवायला शिकलो. मेडिसिन लेकलाही व्हाळ आहेत: प्लिमथ क्रीक येऊन मिळतो आणि दक्षिणेकडून बॅसेट क्रीक बाहेर पडतो. माझं बोट आपसूक त्या तोंडांवर गेलं होतं. आणि हिवाळ्यात पाय ठेवायचा नाही अशा जागा म्हणजे नेमक्या त्याच. वाहतं पाणी बर्फाला खालून खात राहतं.

आमिषाच्या दुकानात गेलो तेव्हा गल्ल्यामागे एक सत्तरीचे गृहस्थ होते. "मेडिसिनवर चाललोय, लेकीला घेऊन. मासे कुठे लागतात?" मी सरळ विचारलं. ते हसले आणि मेणकिड्यांची डबी माझ्यापुढे सरकवली. (आपल्याकडे मधाच्या पोळ्यांचा नाश करतो तोच मेणकिडा. त्याच्या अळ्या इथे लाकडाच्या भुशात, फ्रिजमध्ये ठेवून विकतात.) मासे कुठे, याचं उत्तर आलं नाही. पण बर्फ किती, काल कुणी कुठे किती मोजला, कुठल्या बाजूला बदकांनी पाणी उघडं ठेवलंय, हे त्यांनी न विचारता दहा मिनिटं सांगितलं. नकाशाच्या मागे पेनाने दोन जागी फुली मारून म्हणाले, "इथे आणि इथे जाऊ नकोस." आबांचाच कायदा: जागा लपवायची, धोका लपवायचा नाही. त्या दुकानात मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

लेकीला न्यायच्या आधीच्या रविवारी मी आणि आमचे शेजारी तलाव बघून आलो. शेजारी निवृत्त पोस्टमन आहेत, पन्नास वर्षं बर्फावर बसलेत. त्यांनी गळ्यात दोन खिळेवाले दांडके अडकवायला दिले. पडलोच तर ते बर्फात रुतवून स्वतःला वर ओढायचं. मग हातात एक पाच फुटी लोखंडी दांडा दिला. त्याला इथे स्पड बार म्हणतात. मी बघितलं, ती पहार होती. मापाने, वजनाने, टोकाने, आमच्या अंगणात माडाचे खड्डे खणायची पहार.

"तू पुढे. दर दोन-तीन पावलांना जोर लावून मार. आरपार गेली तर मागे फिर," ते म्हणाले.

बर्फ ठोकत चाललो. आवाज घट्ट येत होता. साधारण दीडशे फुटांवर त्यांनी गिरमिटाने भोक पाडलं. हो, गिरमिटच, सुताराचं गिरमिट कमरेएवढं मोठं केलं आणि वर बॅटरी बसवली की आइस ऑगर होतं. मोजपट्टीचं वाकडं टोक खालच्या कडेला अडकवून मोजलं: साडेदहा इंच. वरचे दोन पांढरे, खालचे साडेआठ काळे, आरपार. काळा बर्फ बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण खालचं पाणी दिसत होतं. "काळा दिसला की घाबरायचं नाही. पांढरा आणि करडा दिसला की घाबर," शेजारी म्हणाले.

तेवढ्यात तलाव ओरडला. दुसरा शब्द नाही. लांबून एक घोगरा, ताणलेला हूऽऽप असा आवाज आला आणि पायाखालून निघून गेला. मी पहारीला मिठी मारून उभा. शेजाऱ्यांनी मान वर न करता सांगितलं की पारा उतरला की बर्फ आकसतो, ताणला जातो, भेग जाते, तो हा आवाज. त्यांच्या मते, बोलणारा तलाव बरा. आम्ही आणखी सहा भोकं पाडून मोजली. सगळ्यात कमी साडेनऊ. चालण्यासाठी हवं त्याच्या दुपटीहून जास्त. तेव्हा कुठे मी बायकोला फोन केला.

जायचा दिवस ठरला 18 जानेवारी 2025, मार्टिन लूथर किंग दिनाच्या लांब सुट्टीतला शनिवार. त्या तीन दिवसांत पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलाला घेऊन येणाऱ्या राज्यातल्या मोठ्या माणसाला मासेमारीचा परवाना लागत नाही. सरकारने तारीख छान काढली होती. थंडीच्या लाटेनेही तीच काढली. रविवार-सोमवार असह्य होणार असं हवामानखातं सांगत होतं. शनिवारी सकाळी पारा फॅरनहाइटच्या शून्याभोवती होता, सेल्सियसमध्ये उणे 18 च्या आसपास. निघालो.

शेजाऱ्यांचा छोटा तंबू, गॅसची शेगडी, झरोका उघडा, आत कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा. प्रत्येकी दोन गळ टाकायला परवानगी. लेकीला सगळ्यात आवडला तो झारा. भोकात सतत जमणारा बर्फाचा चुरा काढायला इथे जे विकतात तो झाराच असतो, भजी तळायचा, दांडा लांब. ती तासभर फक्त तेच करत होती.

कारण दुसरं काही घडतच नव्हतं. नकाशावर हेरलेल्या खड्ड्यावर, 28 फूट पाण्यावर, मी मोठ्या आत्मविश्वासाने भोकं पाडून घेतली होती. शेजाऱ्यांचं फ्लॅशर, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडून तळ आणि मासे रंगीत रेघांनी दाखवणारं यंत्र, तळाची एक जाड रेघ दाखवून गप्प बसलं. क्रॅपी असतीलही, आमच्या खाली नव्हते. सोबत नेलेली थालीपीठं खापरासारखी झाली. लेक म्हणाली, "बाबा, मासे झोपलेत का?" मी तिला शिकवू लागलो की पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं, ते तळाशी बसतं, म्हणून तलाव वरून गोठतो आणि खाली मासे जगतात. ती म्हणाली, "म्हणजे जागे आहेत. मग इथे नाहीत."

बरोबर होतं तिचं. आम्ही तंबू ओढत काठाच्या दिशेने आलो. 12 फुटांवर भोक पाडलं, गळ तळाला टेकवून वर ओढला तर गरीला हिरवा धागा. शेजारी म्हणाले, "हिरवा आहे ना? तपकिरी नाही ना? मग बस इथे." जिवंत वनस्पती म्हणजे प्राणवायू, म्हणजे किडे, म्हणजे ब्लूगिल. त्या हिवाळ्यात स्नो फार पडला नव्हता, उजेड खालपर्यंत जात असणार. खोलीचे नकाशे मी आठ दिवस घोकले होते. हे मात्र कुठल्या नकाशात दिसलं नसतं.

दहाव्या मिनिटाला तिच्या काठीचं टोक जेमतेम थरथरलं. हातभर काठी, केसाएवढी तंगूस, टोकाला डाळीएवढी जिग, म्हणजे वजनदार गरी, आणि त्यावर एक अळी. तिने झारा टाकून दिला. पुढचं अर्धं मिनिट ती ओरडत होती की मासा ओढत होता की मी, आठवत नाही. भोकातून वर आला तो तळहाताएवढा ब्लूगिल, छातीवर केशरी झाक. बर्फावर टाकला तसे त्याचे पंख गोठून ताठ झाले. दुपारपर्यंत पाच ब्लूगिल आणि वाट चुकून आलेला एक क्रॅपी. दोन फारच चिमुकले होते, ते तिने स्वतः सोडले.

रात्री व्हिडिओ कॉलवर माझ्या बाबांना ताट दाखवलं: हळद, तिखट, आगळ लावून रव्यात तळलेले चार मासे.

"गोड्या पाण्यातलो मासो तो," बाबा म्हणाले. "चिखलाचो वास येतलो."

वास नव्हता. थंड पाण्यातला मासा, मांस घट्ट, काटे मात्र बक्कळ. बाबांना तेवढं ऐकून बरं वाटलं.

तो नकाशा लेकीने फ्रिजवर लावलाय. दुकानातल्या आजोबांच्या फुल्या मागे गेल्या, पुढे तिने पेन्सिलीने एक बारीक गोल काढलाय. गेल्या आठवड्यात ऑफिसातला तो मिल लॅक्सवाला मित्र चहाला आला होता. त्याने विचारलं, "अरे वा, कुठे लागले मासे?" मी तोंड उघडायच्या आत ती फ्रिजपुढे जाऊन पाठ टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मेडिसिन लेकवर. कुठेतरी."